आल्व्हारो पिसाला जात नाही

सकाळी बरणीत मासळी भरत होते. एक थर अँचोव्हीचा, एक थर जाड्या मिठाचा, असं अर्धी बरणी झालं आणि मीठ संपलं. उरलेली मासळी डोकी मोडून ताटात पडलेली, तेवढ्यात आमचे धाकटे दीर आले. आल्व्हारो. माझ्या लग्नात तो चौदा वर्षांचा होता, आता अठ्ठावन्नचा आहे. मधल्या काळात शहाणपणात काही भर पडलेली नाही.

"वहिनी, कॉफी टाक. खाली गाडीत दोन नॉर्वेवाले बसलेत."

"त्यांना उन्हात बसवून तू कॉफी पिणार?"

"सावलीत लावलीय."

आल्व्हारो आधी गोदीत हमाल होता. क्रेन आल्या, हमाल गेले, त्याने आठ माणसांची गाडी घेतली. जहाजातून उतरणाऱ्या लोकांना दिवसभर फिरवून आणायचं आणि जहाज सुटायच्या आत धक्क्यावर सोडायचं, एवढंच काम. मे महिन्यात चार कॅनडावाल्यांना त्याने फ्लॉरेन्सहून आणलं तेव्हा जहाजाची शिडी वर गेली होती. गाडीवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष लांदी त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "पुन्हा एकदा असं झालं तर धक्क्यावरची तुझी जागा गेली." जागा गेली की आल्व्हारोने काय करायचं, हे त्यालाही माहीत नाही.

"कुठे नेतोयस?" मी विचारलं.

"फ्लॉरेन्स."

"आत्ता? साडेदहा वाजून गेले. साडेचारला त्यांना जहाजावर हजर व्हायचंय ना? पिसाला ने. अर्ध्या तासाचा रस्ता."

त्याने कप खाली ठेवला. "तीस वर्षांत माझ्या गाडीचं चाक पिसाला लागलेलं नाही."

आमच्या लिव्होर्नोत जन्मलेल्या माणसाला शेजारचे पिसाकर पिढ्यान्‌पिढ्या आवडत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. मीही इथलीच. पण आवड वेगळी आणि पोट वेगळं. शिवाय तीन वर्षांपूर्वी या माणसाचं हृदय फाडून शिवलं ते पिसाच्याच इस्पितळात. गल्लीत मात्र त्याने फ्लॉरेन्स सांगितलंय. त्या आठ दिवसांत मोंतेनेरोच्या टेकडीवरच्या देवमातेपुढे मेणबत्त्या लावल्या मी, आणि खोटं बोलायला लावलं तेही मलाच.

हात धुतले, मासळीवर फडकं टाकलं आणि गाडीत जाऊन बसले.

गाडीत म्हातारा, त्याची बायको आणि तिची काठी. बंदरातल्या कँटीनमध्ये मी अकरा वर्षं होते, त्यांचं इंग्रजी कामापुरतं कळतं. म्हाताऱ्याच्या हातात जहाजावर मिळालेला कागद होता: फ्लॉरेन्स, पिसा, लुका, एका दिवसात. असला कागद छापणाऱ्याला एकदा काठी देऊन त्या तीन गावांतून चालवलं पाहिजे. आणि वाचणारेही असे की सुट्टीला आलेत की हजेरी लावायला, कळत नाही.

मी बाईला विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?"

"काहीही चालेल," ती म्हणाली. "गवतावर बसायला मिळालं तर बरं."

नवऱ्याने कागदाची घडी केली. तिला आजवर कुणी विचारलंच नसावं.

आल्व्हारोने रस्ता फ्लॉरेन्सचाच धरला. वाटेत पाँतेदेरा गावाच्या पुढे गाड्यांची रांग थांबली. पुढे मालट्रक आडवा झाला होता. बारा वाजून गेले, आम्ही तिथेच. आल्व्हारो बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून होता, म्हणजे घाबरला होता.

"सुटेल आता," तो म्हणाला.

"कॅनडावाल्यांच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

त्याने हॉर्न वाजवला.

"पुढच्या फाट्यावर वळव. पिसा. नाहीतर उद्यापासून घरी बस आणि माझ्याबरोबर मासळी मोड."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणतील. तुझं हृदय कुणी शिवलं ते मीच गल्लीत सांगेन."

फाटा यायला वीस मिनिटं लागली. तो वळला. एवढं तोंड वाकडं करून मी कुणाला गाडी चालवताना पाहिलेलं नाही. पिसाच्या तटाबाहेर गाडी लावली तीही मनोऱ्याकडे पाठ करून, आणि पाठ करूनच तो बसला. आम्ही तिघं आत गेलो. कलता मनोरा कलताच आहे. चारशे माणसं हात पुढे करून त्याला ढकलल्याचे फोटो काढत होती, एकालाही लाज नाही. बाई मात्र हिरवळीच्या कडेला बसली, बूट काढले आणि तासभर उठली नाही. म्हातारा तिच्याशेजारी पाव खात बसला. कागद त्याने काढला नाही.

पावणेचारला आम्ही धक्क्यावर. लांदीने घड्याळ पाहिलं. "आज लवकर?"

आल्व्हारो काही बोलायच्या आत बाईने पिशवीतून निघताना टपरीवर घेतलेला हातभर उंचीचा प्लास्टरचा मनोरा काढला आणि त्याच्या हातात दिला. सगळे गाडीवाले बघत होते. बाई हात हलवत शिडीपर्यंत मागे वळून बघत गेली, त्यामुळे टाकूनही देता येईना.

"अरे वा," लांदी म्हणाला. "पिसा जमतंय की तुला. उद्यापासून पिसाच्या फेऱ्या तूच कर. बाकीचे कुणी तयार होत नाहीत."

बाकीचे हसले ते आम्ही गाडी वळवेपर्यंत.

घरी सोडताना तो म्हणाला, "वहिनी, लांदीला सांग ना, मला पाठीचा त्रास आहे."

"आज पाठ फिरवून बसलास, म्हणून दुखत असेल. जागा राहिली ना? मग सकाळी आठला धक्क्यावर जा."

मनोरा त्याने माझ्या स्वयंपाकघरात ठेवला, घरी बायकोला दिसायला नको म्हणे. फळीवर देवमातेच्या तसबिरीपासून लांब, डाळींच्या डब्यामागे सारलाय.

फडक्याखाली मासळी वास मारायला लागली आहे. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन दोन किलो जाडं मीठ आणायचं आहे.