वरच्या बांधातली वाट

दोन हजार चोवीस साल, मला शहात्तर. सांबा हंगामातल्या भाताची लावणी आटपून खत टाकून झालं होतं. तिरुवैयारुजवळच्या आमच्या शेतात बांधावर बसलो होतो, तेव्हा व्यंकोबाच्या मुलाचा फोन आला. "मोठे अप्पा, बाबा गेले." बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. व्यंकोबा माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी धाकटा. त्याचं शेत माझ्या शेताला लागून, खालच्या अंगाला, आणि त्याच्याही खाली त्याचं माशांचं तळं. फोन ठेवल्यावर माझी नजर आधी कुठं गेली ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. बांधातल्या पाण्याच्या वाटेवर गेली. पाणी खाली चाललं होतं, आणि ते अडवणारा आता कुणी नव्हता.

ह्या वाटेला आम्ही मडै म्हणतो. शेतातलं जादा पाणी तिथून खालच्याला सोडायचं. आमच्याकडे रिवाज असा की वरच्याच्या मडैला खालच्यानं हात लावायचा नाही. सांगायचं आणि वाट बघायची. व्यंकोबानं तो मोडला. मी युरिया टाकून दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचो, माझा बाप सोडायचा तसं. हा सकाळी आपली मम्मटी, म्हणजे रुंद पात्याचं फावडं, घेऊन यायचा आणि माती-पेंढा कोंबून वाट बंद करायचा.

"अण्णा, तुझं खत माझ्या तळ्यात येतंय. आठ दिवस तरी पाणी कोंडून ठेव."

"चार यत्ता जास्त शिकलास म्हणून माझ्या बांधावर चढतोस होय?"

"चार नाही, सात."

असा तो. मी वर्षभर बोललो नाही, त्यानंही वाट बुजवणं थांबवलं. मग त्याला दाखवून द्यायचं म्हणून युरिया टाकणंच बंद केलं. गोठ्यातलं ओलं शेण आणून दुप्पट टाकलं, उरलेल्याचा ढीग पाटाच्या काठावर घातला. शेणानं कुणाचं वाईट झालंय? त्या वर्षी त्याचं तळं रंग ओतल्यासारखं हिरवं झालं, आणि एका सकाळी मासे पोट वर करून तरंगले... तो येऊन माझ्याशेजारी बसला. भांडायला आला नव्हता, ह्याचीच मला जास्त धास्ती वाटली. मीच सुरुवात केली, "यंदा युरियाचा एक दाणा नाही. आता काय म्हणशील?"

"शेणही वाहतं, अण्णा. पोट भरल्यावर भाताचं रोप तरी किती खाणार? उरेल ते पाणी घेऊन जातं."

त्यानंतर तो पुन्हा येऊन वाट बुजवायला लागला. मी दुसरीकडे बघायचो. त्याला अडवलं नाही, पण स्वतः एकदाही बुजवली नाही. शेवटचा भेटला तेव्हा धाप लागलेली. मम्मटीवर रेलून म्हणाला, "मी नसलो तर कोण बुजवेल?" मी म्हणालो, "तुझी भीती तुझ्यापाशी ठेव." ती आता माझ्यापाशी आली आहे. डॉक्टरला मी तीनदा विचारलं, हृदयच ना? तो हो म्हणतो. तरी व्यंकोबाच्या तळ्याकडे बघायला माझी मान वळत नाही. तळ्याच्या काठाला त्यांची विहीर आहे. घर तिचंच पाणी पितं.

दिवसवार आटोपल्यावर त्याच्या घरी गेलो. सून कमळा तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन उभी राहिली. "मोठे मामंजी, बाळाला आता दुधाबरोबर वरचं पाणी द्यायचंय. मामंजी होते तोवर विचारावं लागलं नाही. विहिरीचं देऊ का?"

हो म्हणावं तर बाळ, नाही म्हणावं तर इतक्या वर्षांचा माझा ताठा.

"देऊ नकोस," म्हणालो. "नळाचं आणून उकळून दे."

कोपऱ्यात त्याची मम्मटी उभी होती, दांड्याला जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, चिंधी गुंडाळलेली. त्याच्या तळव्यांनी ती काळी झाली होती. "ही नेतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खताचा दुसरा हात दिला आणि मडै बुजवली. माती दोनदा वाहून गेली. तिसऱ्यांदा त्याच्यासारखा पेंढा आधी कोंबला, तेव्हा धरली. पाणी माझ्याच शेतात चढायला लागलं. तेवढ्यात व्यंकोबाचं वासरू बांध चढून आलं आणि त्यानं माझ्या खताच्या पाण्याला तोंड लावलं. मी मम्मटी उगारून त्याला हाकललं.