जावईबापू चिखलात उतरले तेव्हा
आमच्या घोलवडच्या वाडीपासून नदी जवळच. ती खाडीला मिळते तिथलं रान आणि पाणथळ आता राखीव झालंय, लोकांना फिरायला उघडलंय. तिवरांमधून लाकडी पूल, कठडा, बाकं, तिकिटाची खिडकी. मला मात्र ती जागा कधीच सहलीची वाटली नाही. लहानपणी आमची एक म्हैस तिथल्या चिखलात रुतली. मी आणि धाकटी बहीण काठावर उभे होतो. भरती येईपर्यंत म्हैस रेकत होती, मग आवाज बंद झाला. तेव्हापासून घरात आम्हाला बजावलेलं असायचं, रुतलात तर उभं राहू नका, आडवे व्हा.

बहीण लग्न होऊन मुंबईला गेली. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्याला घेऊन माहेरी आली. जावईबापूंचा थाट मोठा. आमचे चिकू त्यांना गोड लागेनात, पंखा गरम हवा मारतो म्हणाले. बहिणीने तोंड उघडलं की "तुला काय कळतं?" म्हणून तिला तिथेच गप्प करायचे. पण जावयाला बोलायचं कोणी? आई पुन्हा वाढायची, मी हसायचो. आमची ही एकेकाळची भांडकुदळ पोरगी खाली मान घालून जेवायची.

संध्याकाळी त्यांना फिरायला नेलं. पुलाच्या टोकाशी बगळ्यांचा फोटो हवा म्हणून ते कठडा ओलांडायला लागले.

"पाहुणे, नका उतरू. भरतीची वेळ आहे."

"अहो, सुकलाय की चिखल," ते म्हणाले आणि बूट बहिणीच्या हातात दिले.

वरची साय तेवढी सुकली होती. थोडं पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत आत. पाय उपसायला गेले तसे मांडीपर्यंत. आधी हसले, मग हसेनात. तिवरांच्या मुळांमधून पाणी जराही आवाज न करता आत येत होतं. खेकडे बिळांत शिरले.

रखवालदार बांबू आणायला धावला. मी सारखा सांगत होतो, "आडवे व्हा, पाहुणे, आडवे व्हा!" पण पुलावर माणसं जमलेली, मोबाइल वर निघालेले. चारचौघांत चिखलात लोळायचं कसं? ते ताठ उभेच. पाणी कमरेला लागलं.

"अगं, तू तरी सांग ना!" मी बहिणीकडे वळलो.

ती बूट धरून उभी होती. नवऱ्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती, आणि ते पाहून मी खरा घाबरलो.

माझं डोकं सटकलं. "अरे गाढवा, झोप खाली! मरशील!"

जावयाला आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. ते दचकून पालथे पडले. तेवढ्यात बांबू आला आणि आम्ही त्यांना ओढून काढलं. वर आल्यावर ते आधी बहिणीवरच खेकसले, "बूट असे धरतात?"

घरी ते न्हाणीत असताना ती माझ्याजवळ ओटीवर येऊन बसली. नवऱ्याचा अपमान केला म्हणून भांडेल, असं मला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तू अजून थोडा वेळ गप्प राहिला असतास तर?"

आतून त्यांनी टॉवेलसाठी हाक मारली. ती लगेच उठली. सकाळच्या गाडीने दोघं परत जाणार होती, आणि मला कळेना, धास्ती कोणाची घ्यावी, तिची की त्यांची.