चॉकलेटच्या ग्रुपवर भुतं फार

परवा माझ्या मोबाइलने पुन्हा बजावलं, जागा संपली! म्हटलं, जुनं काढून टाकू. आमचा 'चॉकलेटवाले' ग्रुप उघडला, वर सरकत गेले, आणि भाजी करपेपर्यंत तिथेच बसून राहिले. डिलीट एक ओळ झाली नाही. किस्से असेच साठतात हो. कुणी मुद्दाम साठवत नाही, फक्त टाकवत नाहीत.

ग्रुप खरं तर माझ्या धंद्याचा. मी पेणला घरी चॉकलेटं करते आणि गिऱ्हाइकांना नवीन फ्लेवर कळावेत म्हणून तो काढला होता. आता तिथे ऑर्डर सोडून सगळं येतं. गिऱ्हाइकं कंटाळून गेली, उरलो आम्ही चौघं.

एक मी. दुसरे रोह्याजवळच्या वरश्याचे सुहासकाका. जन्म कंपनीत शिफ्ट करण्यात गेला, रिटायर झाल्यापासून गावांच्या आणि शेतांच्या नावांमागे लागलेत. काकूंनी घरात सिगारेटला बंदी केल्यामुळे त्यांचं संशोधन बहुतेक घराबाहेरच चालतं! तिसरा नंदू, नागोठण्यात त्याचं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. आणि चौथी आमची रिबेकामावशी.

मावशी राहते आयर्लंडमध्ये. घरच्यांबरोबर आधी दुसऱ्या देशात गेली, पुढे नर्स म्हणून तिकडे गेली ती तिकडचीच झाली. ठाण्याच्या तिच्या भाचीने माझी चॉकलेटं तिला पाठवली, तेव्हापासून ती ग्रुपवर आहे. मूळची आपल्या कोकणातल्या ज्यू घरातली. मराठी तिने लहानपणी इथून जशी नेली, तशीच फडक्यात बांधून ठेवलीय. पहिलाच व्हॉइस मेसेज आला, "सुनीते, तुजा चाकलेट खाल्ला गो. बरा हाय. पण आमच्या आजाच्या पेंडीची सर नाय!"

तिचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे. तिळाचं तेल गाळून झालं की ताजी पेंड गुळाबरोबर कालवून पोरांच्या हातावर ठेवायचे. मी बेल्जियमचं कोको आणलं, केरळचं आणलं, समुद्री मीठ घातलं. अभिप्राय तोच. बरा हाय, पेंडीची सर नाय!

*

मावशी आयर्लंडच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगते, पण रोह्याच्या बोलीत. त्यामुळे तिकडची भुतंही आपल्याच तालुक्यातली वाटायला लागतात.

एकदा तिने बनशीची गोष्ट सांगितली. "मोकळ्या केसांची बाय असते गो. कुणी मरायचा असला का आदल्या राती घराभोवती रडत फिरते. पण सगळ्यांसाठी नाय रडत. जुन्या, मोठ्या घराण्यातलाच मानूस पायजे."

मी खरोखर घाबरले होते.

तेवढ्यात सुहासकाकांचा मेसेज आला, "मग भाडेकरूंनी काय करायचं?"

*

दुसऱ्या दिवशी तिने परीच्या झाडाची गोष्ट सांगितली. माळावर एकटंच काटेरी झाड असलं की ते पऱ्यांचं समजायचं. त्याला कुऱ्हाड लावायची नाही. एका झाडासाठी म्हणे तिकडे अख्खा रस्ता वळवला होता.

नंदूचं आयुष्य हायवेच्या खड्ड्यांत चाललंय. तो म्हणाला, "त्यात काय मोठं? आपल्याकडे पण वळवतात की. वळवून ठेवतात आणि मग करायचा राहतो!"

*

गावांच्या नावांवरून मात्र एकदा खरंच भांडण झालं.

सुहासकाकांना नकाशात सापडलं की तिकडे वेल्समध्ये 'पेन' ने सुरू होणारी गावं ढिगानं आहेत. मावशीने सांगितलं, तिथल्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ डोकं, नाहीतर टेकडीचा माथा. काकांना तेवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सिद्ध केलं की ती सगळी मंडळी पूर्वी आपल्या पेणच्या खाडीतूनच गलबतं हाकत तिकडे गेली!

मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोकं म्हणजे पेण, हे पटलं. रोह्याचा अर्थ काय म्हणाले?"

मी हे जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सूड म्हणून त्यांनी रोह्याच्या बाजूच्या शेतांची आणि विहिरींची नावंच नावं टाकली, प्रत्येकाखाली स्वतःचा तर्क. त्यात एक 'म्हाताऱ्याची बाव' होती. बाव म्हणजे आपली विहीर. काकांचा तर्क असा, की मागच्या डोंगराचा आकार वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. त्यांनी फोटोही टाकला. मी तो आडवा केला, उभा केला, मला काही म्हातारा दिसला नाही.

नंदू म्हणाला, "काका, डोंगर नाही, फोटो काढताना तुम्ही वाकला होता!"

*

गणपतीच्या आधी मी एक उद्योग केला. असा उद्योग फक्त पेणमध्येच सुचू शकतो. माझ्या दिरांचा मूर्तींचा कारखाना आहे. तिथे उंदराचा एक कोरा रबरी साचा पडून होता. मी म्हटलं, काय सुंदर आकार आहे! धुतला, पुसला आणि त्यात चॉकलेट ओतलं. असे देखणे उंदीर निघाले की काय सांगू, मिशा आणि हातातल्या लाडवासकट.

ताट बाहेर ठेवून मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर प्रत्येक उंदराला हळदकुंकू! सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा यायच्या आधी त्यांचं वाहन आलंय. असंच कसं ठेवायचं?"

आता हे खाणार कोण? गिऱ्हाईक घेईना. गणपतीच्या वाहनाचं डोकं दातांनी तोडायचं कसं, असं प्रत्येक जण विचारायचा. दीर तर उंदराकडे बघून नमस्कार करूनच फ्रिजमधलं पाणी घ्यायचे. मावशी ग्रुपवर रोज विचारायची, "उंदीर हायेत का गेले गो?"

शेवटी अनंत चतुर्दशीला सासूबाईंनी मोठ्या पातेल्यात दूध तापवलं, उंदीर एकेक करून आत सोडले आणि आम्हा सगळ्यांना कप दिले. शेजारची पोरं कप उंचावून ओरडली, "पुढच्या वर्षी लवकर या!"

*

मावशीला चॉकलेट शिकायचं होतं म्हणून मी एकदा व्हिडिओवर क्लास ठेवला. शनिवार होता. मी सांगितलं, आता गॅस पेटवून पाणी तापत ठेवा.

मावशी हाताची घडी घालून बसून राहिली. "शनवार हाय. इस्तव नाय पेटवायचा."

मला माहीतच नव्हतं. मग तिने सांगितलं. शुक्रवारी दिवेलागण झाली की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्यात काम बंद, चूल बंद. तिचे आजोबा फार कडक होते. घाणा बंद, बैल मोकळा, चूल थंड. गावातले लोक त्यांच्यातल्या सगळ्यांना शनवार तेली म्हणायचे ते त्यावरूनच.

नंदूला राहवलं नाही. "मावशी, गॅस चालत नाही, मग फोन कसा चालतो?"

मावशी म्हणाली, "आजाच्या टायमाला फोन नव्हता रे. त्यानं मना केलाच नाय!"

*

आता जरा वेगळं सांगते. गेल्या हिवाळ्यात मावशीचे मेसेज कमी झाले. मग एक दिवस आवाज आला, नेहमीची थट्टा त्यात नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर चाललीय, परत यायची नाही. प्रवासही आता झेपणार नव्हता.

"मला आजाची बाव बघायची हाय गो," ती म्हणाली. "दिसतंय तवर. फोनवर दाखवा."

घरातले सगळे परदेशी गेले तेव्हा आजोबा एकटेच मागे राहिले होते. हा घाणा सोडून मी कुठं जाऊ, म्हणाले. मावशी तेव्हा चिमुरडी होती. बैलगाडीत झोपली होती, म्हणून तिने नीट निरोपसुद्धा घेतला नव्हता. ते इथेच वारले. तिला ना गाव सांगता येत होतं, ना वाडी. एक बाव, तिला पायऱ्या, दोन चिंचा आणि रोह्याला उतरून गाडीवाट. बस.

ग्रुपवर त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. मला तर रडूच आलं.

सुहासकाका मात्र लगेच कामाला लागले. मावशीचं माहेरचं आडनाव कासूकर. त्यांच्यात आडनावं गावांवरूनच पडलेली. काका म्हणाले, "मग कोडं कसलं? चला कासूला!"

आम्ही तिघं कासूला गेलो. दारोदार विचारलं. लोकांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला, पोहे दिले, एकाने आम्हाला जनगणनावाले समजून घरातली माणसं मोजून दाखवली. बाव काही मिळाली नाही.

संध्याकाळी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "कासूला कशाला गेलात रे? कासू आमच्या पणज्याच्या आज्यानंच सोडला!"

काकांनी कपाळावर हात मारला. मग तिला आणखी एक आठवलं. बावीजवळ घाण्याचा मोठा दगड होता, मधोमध उखळासारखा खोल. त्यात बसून ती लपायची.

काकांचा मेसेज आला, "थांबा. असा दगड मी बघितलाय. त्यावर बसून मी डबा खाल्लाय."

तो दगड म्हाताऱ्याच्या बावीजवळ होता.

*

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं तिथे पोहोचलो. शनिवार अशासाठी की नंदूचं दुकान त्या दिवशी दुपारनंतर बंद. वाडी मागे टाकून माळ चढलो. मी पिशवीत मावशीच्या नावाने चॉकलेटं घेतली होती, ती उन्हाने वितळून पिशवीला चिकटली होती. नंदूने व्हिडिओ लावला. मावशी पडद्याला नाक लावून बसली.

बाव होती. पायऱ्या होत्या, पण बहुतेक ढासळलेल्या. दगड होता, अर्धा मातीत गेलेला. चिंचा नव्हत्या.

"फिरव रे जरा. आता खाली. जवळ ने." मावशी बघत राहिली. बराच वेळ बघितलं तिने. मग हळूच म्हणाली, "नाय कळत गो. बावी सगळ्या सारख्याच दिसतात. असंल पण, नसंल पण."

नंदूने फोन उगाच आणखी एकदा दगडाभोवती फिरवला. सुहासकाका तोंड फिरवून बाजूला गेले, खिशातून सिगारेट काढली आणि काडी ओढली.

"आवो, इजवा ती आदी! इजवा!"

खालच्या वाडीतली एक म्हातारी लाकडाचा भारा टाकून पळतच वर आली. आवडीबाय तिचं नाव, ते नंतर कळलं. काकांनी घाबरून काडी फेकली, तर तिने ती पायाने दोनदा चिरडली.

"शनवार हाय आज! हितं शनवारी इस्तव पेटवायचा नाय. म्हाताऱ्याला खपत नाय."

"कोण म्हातारा?" काकांनी विचारलं.

"बावीवरचा. हितला राखनदार. शुक्कारी दिवं लागलं का हितली चूल बंद, ती शनवारी चांदन्या दिसल्यावर पेटवायची. मानसं कामाला आली तरी च्या घरनंच आनतात. येकानं पेटवली व्हती, त्याचा बैल लंगडा झाला."

मी फोनकडे बघितलं. मावशीने चष्मा काढला होता.

"सुनीते," ती म्हणाली, "इचार तिला. तो कसा दिसतो?"

आवडीबाय फोनकडे संशयाने बघत म्हणाली, "मी नाय बगितला. माज्या सासूनं बगितला व्हता. जित्ता व्हता तवा. पांढरी दाढी, डोकीवर टोपी. पोरांना लई जीव लावायचा, म्हनं. बोलवून बोलवून पेंड द्यायचा. गूळ घालून."

पलीकडे मावशी हसत होती की रडत होती, आम्हाला सांगता येईना. दोन्ही असावं. मग एकदम ओरडली, "भूत नाय गो तो! माजा आजा हाय तो! माजा आजा!"

आवडीबायने आम्हा तिघांकडे बघितलं, मग बावीकडे बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला. नंदूच्या हातातला फोन स्वतःच्या हातात घेतला, अगदी तोंडाजवळ धरला आणि आयर्लंडपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"मग सांग तुज्या आज्याला, आमी अजून पाळतो म्हनावं!"