स्टुलावरून उतरताना

सकाळी फिरून येताना मी मैदानाच्या कुंपणाशी थांबतो. व्हॉलीबॉलच्या मॅडम नेटजवळ लाकडी स्टुलावर उभ्या राहून बॉल मारतात, पलीकडच्या मुली तो उचलतात. मॅडम एकेकाळी एशियाड खेळल्या आहेत. तेव्हा एवढ्या उंचीवर त्या उडी मारून पोचायच्या. आता गुडघे कामातून गेलेत.

आज एक मुलगी लंगडत त्यांच्याकडे आली. "मॅडम, गुडघा फार दुखतोय."

"बर्फ लाव आणि परत ये. आम्हीही असंच खेळलो."

मुलगी बर्फ लावून परत आली. मला मॅडमचा संताप आला. पण ज्या शिकवणीनं माणूस मोडतो, तीच तो पुढे देतो. दुसरी त्याला कुणी दिलेलीच नसते.

सराव संपला. उतरण्यासाठी मॅडमनी आधाराला हात पुढे केला. तो धरायला तीच मुलगी आली, लंगडत.