कडूबाईची साक्ष

आमच्या ग्रामीण रुग्णालयात कडूबाईला कुणी मावशी म्हणतं, कुणी नुसतंच ‘ए’. बावीस वर्षं वॉर्ड पुसणारी, चादरी धुणारी बाई. तिला कोण विचारतं? मी तिथलीच सिस्टर, मीही कधी धड विचारलं नाही. त्या दिवशी मात्र ती तपासणीच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली आणि अंगद हवालदाराला बाहेरच पडू देईना.

नागापूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका बाईवर तिच्याच सुपरवायझरनं बलात्कार केला होता. तिचे कपडे पावसानं चिंब होते. हवालदारानं ते कोंबायला प्लॅस्टिकची पिशवी काढली. शनिअमावस्येच्या बंदोबस्ताला शिंगणापूर गाठायचं होतं ना साहेबांना!

“वल्लं कापड पिशवीत सडतंय. मंग त्यातनं डीएनए घावत न्हाई,” कडूबाई म्हणाली. “वाळल्याबिगर हलनार न्हाई.”

“झाडूवाली तू, मला शिकवतेस?”

“व्हय, शिकवते.”

हवालदाराचा तोरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी त्याला थांबावंच लागलं; कडूबाईनं कपडे चार तास पंख्याखाली राखण करत वाळवले, मग आम्ही ते कागदी पाकिटांत घातले. पाकिटांवर डॉक्टरांनी आणि मी सह्या केल्या. पुढं त्या कपड्यांवरचा डीएनए सुपरवायझरच्या रक्ताशी जुळला.

खटल्यात त्याच्या वकिलानं नेमकं त्या चार तासांवर बोट ठेवलं. अडाणी बाईच्या ताब्यातला पुरावा, त्याचा काय भरवसा? पाकिटं बाद झाली असती तर तो हरामखोर उजळ माथ्यानं फिरला असता. “तुला डीएनएतलं काय कळतं?” असं वकिलानं तिला विचारलं. मीही साक्षीदार, म्हणून मला बाहेर बसवलं होतं; तिचं उत्तर सरकारी वकीलबाईंनी मला व्हरांड्यात सांगितलं.

“न्हाई कळत. सा वर्सांमागं अशाच एका पोरीची कापडं म्या साबनानं धुतली. तो सुटला. तवापासून एवढंच शिकले.”

पाकिटं टिकली, पुढं त्याला शिक्षाही झाली. पण त्या दिवशी व्हरांड्यात माझी मान वर होईना. ‘धुऊन टाक गं, पोरगी असल्या कपड्यात घरी कशी जाईल’ असं सहा वर्षांपूर्वी तिला सांगणारी मीच होते. चौकशीत मी तोंड उघडलं नाही आणि मेमो तिला मिळाला. थू माझ्या जिंदगानीवर.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंस?”

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “पाकिटावर तुमची सही हाय, सिस्टर. नाव घेतलं असतं तर वकिलानं तीबी खोटी पाडली असती. त्या बाईपायी गप बसले, तुमच्यापायी न्हाई.”