बेबीच्या मापाची खुर्ची

नाव बेबी. लाडाचं नाही, खरंखुरं. शाळेच्या दाखल्यावर बेबी, रेशनकार्डावर बेबी, ऑफिसच्या ओळखपत्रावरही बेबी वेलकर. फणसवाडीतल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर कुरिअरवाला या नावाने हाक मारायचा, तेव्हा नवीन भाडेकरू आता कुणी चिमुरडी धावत येईल म्हणून बघत राहायचे. बाहेर यायची ती छप्पन्न वर्षांची, उंच, पांढऱ्या केसांची बाई, आणि ती आधी पाकिटावरचा पत्ता नीट वाचायची, मग सही करायची. पत्ते, तारखा, सह्या तपासण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. फोर्टमधल्या एका कंपनीत ती बोटींच्या विम्याचे कागद बघायची.

लॉकडाउनमध्ये ते काम घरी आलं आणि घरीच राहिलं. कंपनीने फोर्टमधली जागाच सोडून दिली. आता प्रवासाचा त्रास नाही, घरच्या घरी आरामात काम करा, असं साहेबांनी कळवलं. साहेबांच्या घराला किती खोल्या होत्या ते त्यांनी कळवलं नाही.

वेलकरांकडे खोली एकच, मागे स्वयंपाकघर. त्यात बेबी, तिचा धाकटा भाऊ मनमोहन, भावजय इरावती आणि सत्तावीस वर्षांचा भाचा गंधार. बेबीचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारायचा चाळीला एके काळी फार उत्साह होता; हळूहळू विचारणारेच कमी झाले. पलंग भाऊ-भावजयीचा, माळा गंधारच्या सामानाचा, आणि बेबीचा तो खिडकी आणि लोखंडी कपाट यांच्यामधला कोपरा. तिथे आईचं शिलाई मशीन होतं. मशीनच्या झाकणावर लॅपटॉप, बसायला पत्र्याची ट्रंक, वर दुमडलेली गोधडी. मीटिंगमध्ये साहेब लांबण लावू लागले की बेबीचा पाय आपोआप मशीनच्या पायडलवर चालायचा, आणि साहेब विचारायचे, "हा कसला आवाज येतोय?" बेबी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "शेजारी काम काढलंय, सर."

त्या कोपऱ्यात तिचा जन्म झाला होता. त्याच कोपऱ्यात तिने आईचं आजारपण काढलं, आणि इरावती नोकरीला जायची तेव्हा गंधारला मांडीवर घेऊन वरण-भात भरवला. वडील गेल्यावर भाडेपावतीवर मनमोहनचं नाव लावायचं ठरलं, तेव्हा ना-हरकतीच्या कागदावर तिने एका सेकंदात सही केली होती. दुसऱ्यांचे कागद चार-चारदा वाचणारी ही बाई, घरचा कागद तिने वाचलासुद्धा नाही. तिला एवढंच हवं होतं की आपला कोपरा आपल्याला राहावा. तो कुणी काढून घेईल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ट्रंकेवर चार वर्षं काढल्यावर कंबर बोलू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी काही होणार नाही, पाठ टेकायला नीट खुर्ची घ्या." त्याच महिन्यात कंपनीचं पत्र आलं की घरून काम करणाऱ्यांनी एक खुर्ची घ्यावी, पैसे कंपनी देईल, बिल मात्र स्वतःच्या नावाचं आणि स्वतःच्या फोन नंबरचं असावं. बेबीने ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तिच्यासाठी म्हणून या घरात शेवटची नवीन वस्तू कधी आली होती, हे तिला आठवेना.

तिने मशीनचा खण उघडला आणि सुतळी बाहेर काढली.

या सुतळीची हकिगत सांगायलाच हवी. वेलकरांचं लोखंडी कपाट पहिल्यांदा घरी आलं तेव्हा जिन्याच्या वळणात अडकलं होतं. वर जाईना, खाली येईना. दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून अंग चोरून ये-जा करत होती, आणि बेबीच्या वडिलांना सगळ्या चाळीने यथेच्छ ऐकवलं. त्यानंतर त्यांनी ही सुतळी केली. एक गाठ जिन्याच्या वळणाची, दुसरी दाराच्या रुंदीची. दुहेरी, घट्ट, टोकं कापलेल्या गाठी. फ्रिज, टीव्ही, पलंग, सगळं या सुतळीला विचारून घरात आलं. शेजारीही मागून न्यायचे. बेबीने तीच सुतळी कोपऱ्यात धरली, खुर्ची मावेल त्या जागी पेनाने खूण केली आणि ती पर्समध्ये टाकून दुकानं पालथी घालू लागली.

तीन रविवार तिने घातले. विक्रेते कमरेच्या आधाराबद्दल, मागे कलणाऱ्या पाठीबद्दल बोलत, आणि ही बाई खाली वाकून खुर्चीच्या पायांना सुतळी लावत असे. प्रत्येक खुर्चीला हात होते. हात मशीनच्या झाकणाला आपटणार. शेवटी ऑपेरा हाउसच्या बाजूला एका दुकानात तिला हवी तशी मिळाली: लहान, बिनहाताची, राखी रंगाची, पाठीला जेमतेम आधार देणारी. सुतळीवरच्या खुणेत अगदी बरोबर बसली. ती खुशीत घरी आली आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं.

"बिनहाताची?" गंधारने कोबीच्या भानोळ्याचा तुकडा तसाच हातात ठेवला. "आत्या, आठ-आठ तास बसतेस तू. मी येतो पुढच्या रविवारी. आपण प्रॉपर खुर्ची घेऊ."

"अरे, पण मावायला नको?"

"ते मी बघतो ना."

आणि तो खरंच आला. रविवारची क्रिकेटची मॅच सोडून आला. दुकानात त्याने तिला एकेका खुर्चीत बसवलं, स्वतः गुडघ्यावर बसून उंची खालीवर केली, "पाय टेकतात? मान दुखतेय?" असं दहादा विचारलं. शेवटी एक भलीमोठी काळी खुर्ची निघाली. उंच पाठ, डोक्याला उशी, रुंद हात. बेबी तिच्यात टेकली आणि कमरेतली कळच निघून गेल्यासारखं तिला वाटलं, इतकं बरं वाटलं. तरी तिने सवयीने पर्समधून सुतळी काढली. खुर्ची पेनाच्या खुणेच्या वीतभर बाहेर जात होती.

"ही नाही रे मावायची."

गंधारने सुतळी तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली. "आत्या, आयुष्यभर तू जागेच्या मापाने राहिलीस. आता एकदा तरी स्वतःच्या मापाचं घे. खुर्ची सुटी करून आणतात, जिन्याचं टेन्शन नाही. आणि आपण कपाट हलवू."

"कपाट?"

"हो. बाबांशी बोललोय मी."

कपाट चाळीस वर्षांत हललं नव्हतं. आई म्हणाली तेव्हा नाही, बेबीने विनवलं तेव्हा नाही. आता आपल्यासाठी कपाट हलणार, म्हणून बेबीचे डोळे भरून आले. दुकानदारासमोर रडायला नको म्हणून ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात काउंटरवर गंधारने ऑर्डर नोंदवली, पत्ता सांगितला. नाव आणि फोन नंबर तेवढा बेबीचा द्यावा लागला, कारण कंपनीचा तसा नियम होता. पत्ता वाचून बघायचा मात्र बेबी विसरली. जन्मात पहिल्यांदा विसरली.

पुढचे जवळजवळ दोन आठवडे ती हवेत होती. शेजारच्या प्रितीला तिने दोनदा सांगितलं, "पोराने हट्टाने मोठी घ्यायला लावली. कपाट हलवताहेत माझ्यासाठी." प्रिती म्हणाली, "नशीब काढलंत, बेबीताई." खरंच घरात वातावरण बदललं होतं. इरावती तिला चहा बसल्या जागी आणून देत होती. मनमोहन, जो एरवी वर्तमानपत्राच्या आडून फक्त हुंकार द्यायचा, तो कंबर कशी आहे विचारू लागला होता. मार्गशीर्षात गंधारचं लग्न होतं. मुलगी, ऋग्वेदा, सगळ्यांना आवडली होती. बेबीला वाटलं, लग्नघराचा आनंद आहे, आपल्या वाट्यालाही थोडा येतोय. सुतळी गंधारने चार दिवसांनी परत मशीनच्या खणात ठेवून दिली. बेबीने ती उघडून पाहिली नाही.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपून सगळे घरात होते, तेव्हा बेबीचा फोन वाजला.

"मॅडम, खुर्ची लेके आया हूँ. ओटीपी बोलो."

"आले, आले!" बेबी चपला न घालताच गॅलरीत धावली, कठड्यावरून वाकली. खाली चौकात एक मांजर आणि इस्त्रीवाल्याची गाडी. "भैया, कुठे आहात? कहाँ खड़े हो? मुझे दिखता नहीं."

"बिल्डिंग के नीचे, मॅडम. बी विंग. लिफ्ट चालू है ना? आठवा माला लिखा है."

"इथे लिफ्ट नाही. तीनच मजले आहेत. ये फणसवाडी है."

"फणसवाडी कहाँ, मॅडम? ये तो विरार है."

त्याने तिला पत्ता वाचून दाखवला. तिचं नाव, तिचा नंबर, विरार पश्चिमेचा एक टॉवर, आठवा मजला. बेबीने तो त्याला पुन्हा वाचायला लावला. चुकून दुसऱ्याचा पत्ता लागला असेल, असं तिला अजूनही वाटत होतं. "दहा मिनटं थांबा," म्हणून तिने फोन ठेवला आणि ती खोलीत आली. दारापाशीच थांबली. पलंगावर मनमोहन वर्तमानपत्र उघडत होता. उलटं धरलं होतं. इरावती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कसलाच आवाज आला नाही. तेव्हा बेबीला कळलं की पत्ता चुकलेला नाही.

"गंधार," ती म्हणाली, "विरारला कोण राहतं?"

गंधारचा चेहरा उतरला. "आत्या, मी सांगणारच होतो. ऋग्वेदाच्या मामांचा ब्लॉक आहे. रिकामाच असतो. लिफ्ट आहे, हवा आहे, तुला पूर्ण बेडरूम. म्हटलं आधी खुर्ची लावू, पडदे लावू, मग तुला न्यायचं. सरप्राइज."

"मला विरारला पाठवायचं ठरलंय?"

"पाठवायचं काय गं! तुझं काम तर घरूनच आहे. ते कुठूनही होतं. आम्हाला दोघांना लोअर परळला जावं लागतं. आणि इथे लग्नानंतर... तूच सांग ना, एका खोलीत आम्ही कसं..."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि बेबीला ते कळत होतं. एका खोलीत दोन जोडपी राहणार, त्यात प्रौढ आत्या कुठे, हा प्रश्न तिलाही पडला होता. आपण माळ्याखाली पडदा लावू, मी स्वयंपाकघरात झोपेन, असं ती मनाशी ठरवून बसली होती. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायच्या जागी तिला खुर्चीत बसवून, पाय टेकतात का, मान दुखतेय का, असं विचारलं होतं. तो गुडघ्यावर बसलेला गंधार तिला आठवला. बाहेरच्याने फसवलं असतं तर तिने भांडून चाळ डोक्यावर घेतली असती. इथे घास भरवलेल्या पोराने तिला पद्धतशीर बनवलं होतं, आणि तेही माया करत.

"मनमोहन, तुला माहीत होतं?"

"ताई, तुझ्याच सोयीचं बघितलं ना," मनमोहन वर्तमानपत्रामागून म्हणाला. "कंबर बघ तुझी."

"आणि कपाट? ते हलवणार होतात ना माझ्यासाठी?"

बेबी कोपऱ्यात गेली. मशीनचा खण उघडून तिने सुतळी काढली. का काढली ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. हाताला सवय होती एवढंच. बोटांनी ती वडिलांच्या दोन गाठी चाचपत गेली आणि पुढे, पेनाच्या खुणेच्याही बरंच पुढे, बोटाला तिसरी गाठ लागली. सैल, एकेरी, लांब टोकांची. ही गाठ वडिलांची नव्हती.

तिने सुतळीचं एक टोक खिडकीच्या गजाला लावलं. कोपरा ओलांडून, मशीन आणि ट्रंक ओलांडून, कपाट जिथे उभं होतं तीही जागा ओलांडून, सुतळी ताणत ती भिंतीपर्यंत आली. तिसरी गाठ बरोबर भिंतीला टेकली. कपाट काढलं की डबलबेड मावेल एवढं माप होतं. मशीन, ट्रंक आणि बेबी त्यात धरलेलीच नव्हती.

"हे माप कधी घेतलंत?"

"सुतळी माझ्याकडे होती तेव्हा. तू परत डॉक्टरांना दाखवायला गेली होतीस," गंधार खाली बघून म्हणाला.

बेबी जराशी हसली, आणि मग तिला रडू आलं, आणि या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. "एवढं मोठं माप एकट्याने घेत नाही रे कुणी," ती म्हणाली. "दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

वर्तमानपत्र खाली आलं नाही. स्वयंपाकघरातून इरावती बाहेर आली नाही. गंधारने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आत आईकडे.

"मला सांगितलं असतंत," बेबी म्हणाली, "तर ते मीच धरलं असतं."

फोन पुन्हा वाजला. खालून, म्हणजे विरारच्या खालून, माणूस घाईला आला होता. "मॅडम, ओटीपी बोलो ना, टाइम जा रहा है." इरावती स्वयंपाकघराच्या दारात आली, वर्तमानपत्र खाली आलं, आणि तिघंही बेबीकडे बघू लागले. बेबीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, मेसेज उघडला आणि त्यातला प्रत्येक शब्द नीट वाचला, नाव, नंबर, मजला, सगळं.

"भैया, खुर्ची वापस लेके जाओ," ती म्हणाली. "नाम मेरा है. पता मेरा नहीं है."

मग ती गोधडी झटकून ट्रंकेवर बसली. सोमवारचे काही कागद तपासायचे राहिले होते.