मोरीजवळचा खड्डा, परवा

उतावळेपणा माझ्या अंगात लहानपणापासून आहे. समोरचा बोलायला लागला, की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. या सवयीपायी घरच्यांची बोलणी पुष्कळ खाल्ली, पण तिच्यामुळे कुरुळीच्या एका गाडीवानाचं जे झालं, ते आठवलं की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चाकणच्या रस्त्याला कांद्या-बटाट्याच्या बैलगाड्या असायच्या, अधूनमधून एखादा ट्रक. मी रस्त्यांच्या कचेरीत कारकून होतो. कुठल्या मैलात खड्डा पडला, कोणी पाहिला, कधी बुजवला, हे सगळं माझ्या वहीत. त्याआधी एकदा एक टांगा उलटला होता आणि कागदावर काही नसल्यामुळे कचेरी कोर्टात तोंडावर पडली होती. तेव्हापासून आमचे ओव्हरसियरसाहेब रोज बजावायचे, "खड्डा राहिला तर बघू. नोंद राहिली तर बघ!"

आमच्या मुकादमाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सायकलवरून जाता जाता तो खिडकीतून ओरडून सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. एका सोमवारी तो ओरडला, "भाऊसाहेब, कुरुळीच्या मोरीजवळचा खड्डा, परवा!" आणि गेलासुद्धा. मोरी म्हणजे ओढ्याच्या पाण्यासाठी रस्त्याखालून काढलेली वाट. मी मान वर न करता लिहिलं, 'मोरीजवळचा खड्डा बुजवला.' तारीख टाकली शनिवारची.

तीनेक आठवड्यांनी वकिलाची नोटीस आली. त्याच सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, एका गाडीवानाची गाडी मोरीजवळच्या खड्ड्यात गेली होती. तो खाली पडला आणि पाय चाकाखाली सापडला. साहेबांनी माझी वही उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वाचवलंस रे कचेरीला!" म्हणाले, वर चहा मागवला. उत्तर गेलं : खड्डा तीन दिवस आधीच बुजवलेला होता, गाडीवानालाच डुलकी लागली असणार. ते उत्तर मीच सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी.

मुकादम आल्यावर मी त्यालाही ऐटीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"आवं भाऊसाहेब, परवा म्हंजी फुडच्या बुधवारी. बुधवारी बुजवनार, आसं म्हनत व्हतो मी. सोमवारी मुरूम तरी कुटं आला व्हता?"

"मग मी काय लिहिलंय ते नंतर पाहिलं का नाहीत?" मी त्याच्यावरच खेकसलो.

"मला कुटं वाचता येतंय?"

चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि सही करायची, असा नियम होता. दोन मिनिटांचं काम. पण माझी नोकरी कच्ची होती आणि साहेब मला कायम करण्याच्या गोष्टी बोलत होते. मी ते पान उघडायचो, मिटायचो, माठापर्यंत जाऊन पाणी पिऊन यायचो, पुन्हा उघडायचो. मुकादमावर चिडलो. मागचा दिवस आणि पुढचा दिवस एकाच शब्दात कोंबणाऱ्या भाषेवर चिडलो. स्वतःवर चिडायचं तेवढं टाळत होतो. आठवडाभर जेवणावर लक्ष नव्हतं.

मग एके दुपारी तो गाडीवान स्वतःच कचेरीत आला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, काठीवर भार टाकून चालत होता.

"भाऊसाहेब, त्या वहीत माझ्या खड्ड्याचं काय लिवलंय, तेवढं वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं.

"वहीत हाय म्हंजी बुजवलाच आसंल," तो म्हणाला. "मंग मी पडलो कुटं, भाऊसाहेब?"

टोमणा नव्हता तो. तो खरंच विचारत होता.

"घरची समदी म्हनत्यात, तुला झोप लागली आसंल. पोरगा गाडीला हात लावू देत न्हाई. म्या जागा व्हतो, बैलांशी बोलत व्हतो, ह्ये मला आठवतंय. पर आता मलाबी वाटाया लागलंय, की..."

ते वाक्य मी पुरं केलं नाही. त्यालाही ते पुरं करता येईना. मी टाक उचलला, त्याच्यासमोर नोंदीवर रेघ मारली, वर खरं लिहिलं आणि सही केली. पलीकडच्या टेबलावर साहेब बसले होते. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो.

"खड्ड्यातच पडलात तुम्ही. तो बुधवारी बुजवला, तुम्ही पडल्यावर. लिहिताना चुकलो मी."

आता हा मला शिव्या घालणार, म्हणून मी मान खाली घातली. वर पाहिलं, तर तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

"म्हंजी म्या जागा व्हतो," तो म्हणाला.

"जागे होता."

"तेवढं आमच्या घरी येऊन सांगता का?"

साहेब माझ्या नावानं ओरडत होते. मी वही तशीच उघडी ठेवली आणि त्याच्याबरोबर निघालो.